आईवडिलांना जामीन

पुंडलिकाने देवाला विटेवर ताटकळत ठेवलं ते आईवडिलांच्या सेवेत खंड नको म्हणून. त्याच्या पंढरीला निघालेल्या पालख्या दरवर्षी पुण्यात मुक्काम करतात. माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दर्शनाच्या रांगेतल्या कितीतरी आजी-आजोबांचे पुंडलिक मात्र न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासात असतात.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं, २१ वर्षं पूर्ण झालेलं अपत्य आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी स्पॉन्सर करू शकतं. मुलगा की मुलगी, कायद्याला फरक नाही. ज्यांच्या आईवडिलांनी लेकीच्या घरचं पाणीही वर्ज्य मानलं, तेच आता लेकीच्या हमीवर जातात. तिची मिळकत कमी पडली तर जावईही सही करतो!

कागदपत्रांचा घोळ वेगळाच. १९५० च्या आसपासच्या जन्माची नोंद नसेल, तर नोंद नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. आईचं नाव तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललेलं. शाळेच्या दाखल्यावरची माहेरवाशीण आणि मुलाच्या जन्मदाखल्यावरची सासुरवाशीण एकच, हे शपथेवर सांगावं लागतं.

खरा धर्मप्रश्न आय-८६४ या अर्जात आहे. आईवडिलांना दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट पातळीवर सांभाळीन, अशी ही हमी मुलगा अमेरिकी सरकारला देतो. ती मोडली तर आई त्याच्यावर दावा लावू शकते. आपल्याकडेही २००७ चा निर्वाह कायदा आहे, परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे. पण आईवडिलांना स्पॉन्सर करायचं तर मुलाला नेमकं तेच नागरिकत्व सोडावं लागतं.

एवढं केल्यावर ‘पितृऋण फेडलं’ म्हणायची पद्धत आहे. तैत्तिरीय संहितेत मात्र ते ऋण फिटतं संततीमुळे. आईवडिलांना विमानात बसवल्याने नव्हे. शिवाय पुंडलिकाच्या आईवडिलांना सेवा घेण्यासाठी देश बदलावा लागला नव्हता. ग्रीन कार्ड टिकवायचं तर राहायचं तिकडेच. पुनर्प्रवेशाचा परवाना न काढता वर्षभर पुण्यात राहिलं की कार्ड धोक्यात. म्हणून काहीजण नुसती हजेरी लावायला जातात, आणि ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी पाच वर्षं सलग राहण्याची अट तशीच लांबत जाते.

तरी सही करणाऱ्याला ढोंगी म्हणणं अन्यायाचं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी आई रात्री पडली, तर व्हिडिओ कॉलवरून तिला उचलता येत नाही.

तिकडे नाहीच रमलं, तर कार्ड परत करायला आय-४०७ अर्ज आहे. तो भरून कायमचं परत आलं की मुलाची हमीही संपते. त्यावर सही लागते ती फक्त आईची.