लांडगा, मेंढरू आणि माळकरी

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मेंढरे राखण्याची काठी, असे दोन्ही ज्याच्याजवळ आहे अशा माणसापुढे कधी कधी एक प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार आज करावयाचा आहे. लांडगा मेंढरे नेतो. तर त्या लांडग्याला बंदुकीने मारावे की नाही? ज्याच्या घरी मेंढरू नाही त्याला हा प्रश्न फार सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर त्याच्याकडून घेऊ नये.

आपल्या संप्रदायाला हा प्रश्न परका नाही. ज्ञानोबारायांची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या वाटेने जाते. तुकोबारायांची पालखी बारामती, इंदापूरकडून जाते. या दोन्ही वाटांच्या आजूबाजूचे जे उघडे माळ आहेत, तेच लांडग्याचे घर. काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढरांचे रिंगण होते. वारकरी डोळे भरून ते पाहतात, हात जोडतात, मग पालखी पुढे जाते. मेंढरे मात्र तिथेच राहतात, रात्र पडते, आणि राखणारा जागा राहतो.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी धनगर आमच्याजवळ येऊन बसला. उमर साठीच्या पुढची. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर हळूच म्हणाला, “बुवा, आठ दिवसांत चार मेंढरं गेली. त्यातली दोन गाभणी. गावात एकाकडं बंदूक हाय, पिकाच्या राखणीची. तो म्हनतो, तू फकस्त जागा दाखीव. आता माळ घालून म्या जागा दाखवावी, का माळ उतरवून दाखवावी?” जवळ बसलेल्यांपैकी एकजण लगेच म्हणाला, “अहो, पोट पहिलं, मारा बिनघोर.” दुसरे एक गृहस्थ, नोकरीनिमित्त शहरात राहणारे, म्हणाले, “छे छे, सर्वांभूती दया पाहिजे. दुसरी मेंढरं घ्यावी, पण हत्या नको.” धनगर दोघांकडेही पाहून गप्प बसला. त्याचा प्रश्न दोघांनीही ऐकलेला नव्हता.

आता पूर्वपक्ष नीट मांडू. शास्त्रात आततायी म्हणून सहा सांगितले आहेत. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन हरण करणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीला पळविणारा. आततायीला मारण्यात दोष नाही असे स्मृतिकारांचे म्हणणे. धनगराचे धन म्हणजे मेंढरू. ते हरण करतो म्हणून लांडगा धनहर, म्हणून आततायी, म्हणून वध्य. ऐकायला हे ठाकठीक वाटते. आम्हांस काही विद्वान गृहस्थांनी हेच ऐकविले आहे.

पण यात एक पाय लंगडा आहे. विधी आणि निषेध कोणाला असतो? ज्याला अधिकार आहे त्याला. “चोरी करू नये” हे वाक्य ज्याला कळू शकते, त्यानेच ते मोडले तर तो चोर. लांडग्याला कोणी वाक्य सांगितले? त्याला शास्त्र नाही, सातबारा नाही, कोणते मेंढरू कोणाचे हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या लेखी ते भक्ष्य आहे. ज्याला पाप घडू शकत नाही त्याला आततायी ठरवून दंड करणे म्हणजे पुरात घर वाहून गेले म्हणून नदीला फटके मारणे होय. आणि गंमत पाहा. लांडगा मारण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे ती बहुधा बंदुकीची नाही. मेलेल्या मेंढरात विष कालवून ते माळावर टाकावयाचे, किंवा हिवाळ्यात पिले लहान असतात तेव्हा बिळाच्या तोंडाशी जाळ करून धूर आत कोंडावयाचा. म्हणजे विष घालणारा कोण झाला आणि आग लावणारा कोण झाला? सहांपैकी पहिले दोन आपल्याच घरात सापडले! शिवाय त्या विषाने एकटा लांडगा मरत नाही. खोकड मरते, तरस मरते, गिधाड मरते, धनगराचे स्वतःचे कुत्रेही मरते.

खोकडाचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळे. खोकड मांजरापेक्षा थोडे मोठे, शेपटीचा गोंडा काळा. उंदीर, खेकडे, किडे, बोरे यांवर जगणारे. मोठ्या मेंढराला ते काय करणार? उंदीर खाऊन शेतकऱ्याचे ते भलेच करते. पण काठी उगारणारा कोल्हा, खोकड आणि लांडगा या तिघांचा हिशेब एकाच वहीत मांडतो. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या मेंढरे फाडतात, तेही पुष्कळदा लांडग्याच्याच नावावर जमा होते. २०२३ साली तर अभ्यासकांनी जनुकांची तपासणी करून दाखविले की पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाला आहे. मारण्यापूर्वी निदान कोणाला मारतो आहोत हे तरी कळले पाहिजे.

लांडग्यांचा सूड यापूर्वी घेतला गेला नाही असे नाही. इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाराला सरकारातून इनाम मिळे. इतिहासकारांनी जुनी दप्तरे पाहून मांडलेला हिशेब असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात २,००,००० लांडगे मारले गेले. आज साऱ्या देशात ते सुमारे ३,००० उरले असावेत असा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा पहिल्या अनुसूचीत घातला आहे. मेंढरू नेले एवढ्या कारणासाठी त्याला मारणे गुन्हा आहे. मनुष्याच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा अधिकाऱ्याच्या हुकमाने मारता येतो, आणि अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना ते मेले तर कायदा त्यास गुन्हा म्हणत नाही. पण कायदा हे वारकऱ्याचे शेवटचे उत्तर नव्हे. कायदा नसता तर काय केले असते, हा खरा प्रश्न.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेचा मांस विकणारा तो, आणि वेद शिकलेला कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म विचारावयास येतो. व्याध त्याला सांगतो की नांगर चालविणारासुद्धा भूमीतल्या कितीतरी जीवांना मारतो, चालणाऱ्याच्या पायाखाली जीव जातात, अगदी हिंसेवाचून जगणारा कोणी दाखविता येत नाही. ही कथा पुष्कळजण “मग मारायला हरकत नाही” अशा अर्थाने सांगतात. आम्हांस तसे वाटत नाही. व्याध कौशिकाचा अभिमान काढतो आहे. आपण शुद्ध आणि समोरचा खाटीक अशुद्ध, ही जी गुर्मी तिच्यावर त्याचे बोट आहे. शहरात राहून धनगराला दया शिकविणाराने ही कथा रोज वाचावी. त्याच्या ताटातल्या ज्वारीसाठी कोणाचा तरी माळ नांगरला गेला आहे. माळ नांगरले, काहींवर कारखाने आले, पाटाचे पाणी आले तिथे ऊस उभा राहिला. चिंकारा आणि ससा कमी झाले. मग लांडगा मेंढरांकडे वळला तर त्यात धनगराचा दोष किती आणि आपला किती?

धनगरानेही आपल्या बाजूचे खरे बोलले पाहिजे. तो मेंढरू राखतो ते सारे दयेपोटी नव्हे. कोकरू मोठे झाले की बाजारात जाते आणि तेथून कोठे जाते हे त्याला ठाऊक आहे. तेव्हा “गरीब मेंढराचा जीव वाचविण्यासाठी लांडगा मारला” असे म्हणू नये. “माझी मिळकत वाचविण्यासाठी मारला” असे म्हणावे. यात लाज नाही. पोर शिकवायचे आहे, लेकीचे लग्न आहे, तिथे चार मेंढरे म्हणजे थोडी रक्कम नव्हे. पण नाव खरे घेतले की तराजू खरा होतो. मग एका पारड्यात मिळकत आणि दुसऱ्यात जीव, अशी तोलणी आहे हे दिसते. त्याच पारड्यात माणसाचे लेकरू आले की सगळे बदलते. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. तिथे कोणी भूतदयेचे प्रवचन सांगू लागला तर त्याला उठवून लावावे.

शिबीराजाची कथा सर्वांना माहीत आहे. ससाण्याच्या भयाने कपोत राजाच्या मांडीवर येऊन पडतो, राजा त्याला अभय देतो. पुष्कळ कीर्तनकार इथे कपोताच्या थरथरण्याचे वर्णन करून श्रोत्यांना रडवितात आणि ससाण्याचे बोलणे घाईने उरकतात. वास्तविक कथेचे मर्म ससाण्याच्या बोलण्यात आहे. तो म्हणतो, हे माझे नेमलेले अन्न आहे, ते तू हिरावलेस तर मी मरेन, मागे माझी बायकापोरे मरतील. एकाला वाचविताना इतक्यांना मारणारा तुझा धर्म कसला? राजा त्यावर चिडत नाही. त्याचे म्हणणे त्याला पटते. ससाण्याचा पंख तोडावा असे त्याच्या मनातही येत नाही. तो तराजू मागवितो आणि स्वतःच्या देहाचे मांस कापून घालतो.

स्वतःच्या. शेजाऱ्याच्या नव्हे! धनगराला “दुसरी मेंढरे घ्यावी” म्हणणारे गृहस्थ शिबी होऊ पाहतात, पण मांस धनगराच्या मांडीचे कापतात. दया त्यांची, खर्च त्याचा.

उलट बाजूने रघुवंशातला दिलीप पाहा. नंदिनीवर सिंहाने झडप घातली तेव्हा राजाचा हात प्रथम भात्याकडेच गेला. कालिदासाने ते लपविले नाही. राखणाराचा हात शस्त्राकडे जाणे ही राखण्याची प्रकृती आहे. हात तिथेच खिळला, तेव्हा कुठे राजाला दुसरा मार्ग सुचला. धनगराच्या मनात बंदूक आली म्हणून त्याला पापी म्हणणारे आम्ही कोण?

आता आमचा पक्ष. वारणे आणि मारणे यांत भेद आहे. वारण्याचा अधिकार राखणाराला पुरा आहे. आरडाओरडा करावा, जाळ करावा, काठी घालावी, कुत्री ठेवावी, कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी पट्टे बांधावे, गाभण्या मेंढ्या आणि कोकरे मधोमध घ्यावी. धनगर रात्री ज्या जाळीत मेंढरे कोंडतो तिला वाघूर म्हणतात, कुठे वाघर. अडाणी माणूस त्यात वाघ शोधतो. शब्द मूळचा संस्कृत वागुरा, म्हणजे पारध्याचे हरिण धरावयाचे जाळे. ज्याने जीव धरावयाचा आणि मारावयाचा, तेच जाळे धनगराच्या हाती येऊन जीव राखू लागले. आम्हांस हा शब्द फार आवडतो. ती वाघूर जुनी होऊन फाटली असेल तर आधी ती नवी झाली पाहिजे; बंदुकीचा विचार त्यानंतरचा. आणि वारण्याचे सगळे करूनही मेंढरू गेले तर? जाईल, कधी कधी जाईलच. तरीही मेंढरासाठी गोळी घालू नये असेच आमचे मत आहे. पिले धुराने कोंडणे आणि विष घालणे यांबद्दल तर मत विचारूच नये.

त्या म्हाताऱ्याला आम्ही सांगितले ते एवढेच की, “माळ उतरवून जागा दाखवायची म्हणता, म्हणजे मन आधीच नाही म्हणते आहे. मनाचे ऐका. पण ज्याच्या हातून पूर्वी घडले असेल त्याने माळ काढू नये. माळ ही पदवी नाही. चुकणाऱ्याच्याच गळ्यात ती पाहिजे.” तो म्हणाला, “बरं. पर मग मेंढरांचं काय?” हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर एकट्या त्याने देण्यासारखे नाही.

सरकारातून भरपाई मिळते. लांडग्याने मेंढरू मारले तर लगोलग वनखात्यास वर्दी द्यावी लागते, मढे जागेवर ठेवावे लागते, पंचनामा होतो. पण धनगराचा वाडा आज इथे, उद्या पुढच्या शिवारात. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कळप दोन मुक्काम पुढे गेलेला असतो. कोकरू उचलून नेले तर दाखवायला मढेही नसते. अर्ज लिहावयाचा कोणी, हा आणखी घोळ. तेव्हा ज्याच्या शेतात मेंढरे बसली, ज्याच्या जमिनीला खत मिळाले, त्या शेतकऱ्याने वर्दी द्यावी, पंच व्हावे, अर्ज लिहावा. त्याला फोन आहे, अक्षर येते, तलाठ्याची ओळख आहे. आणि गावोगाव जे सप्ताह होतात, त्यांची वर्गणी हजारांनी जमते. आमची बिदागी त्यातूनच निघते, मंडप आणि पंगतही त्यातूनच. त्या वर्गणीच्या वहीत एक पान शिवारात उतरणाऱ्या धनगराच्या नुकसानीसाठी सोडावे. चार मेंढरांची निम्मी किंमत गावाला जड नाही. आम्ही ज्या सप्ताहाला जातो तिथे बिदागीतला काही भाग त्या पानावर मांडावयास सांगतो. दोन गावांनी मान्य केले आहे. तिसऱ्या गावात पंचांचे अजून चालले आहे की धनगर परगावचा, तर त्याचे नुकसान आपल्या गावाचे कसे. त्यांची बैठक एकादशीनंतर आहे.