दोराचे सुतक

‘आपल्याकडे तेरा दिवस आहेत, गिर्यारोहकांना समुपदेशक कशाला हवेत?’ एका ज्येष्ठ गिर्यारोहकाने जाहीर सभेत हे विचारले आणि टाळ्या मिळवल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला आणि तो अजून शमलेला नाही.

तेरा दिवस कोणाचे? सुतक भाऊबंदांना, सोयऱ्यांना. ज्याच्या हाती सोबत्याला सांभाळणारा बिलेचा दोर होता त्याला ते नाही. कड्यावरून खाली आला की त्याला आधी पोलिसांकडे जबाब द्यावा लागतो. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, मग ‘हौस जिवावर बेतली’ असे परक्यांचे शेरे. दोन दिवसांनी तो कामावर असतो. मित्राच्या घरी भेटायला जाण्याची त्याची हिंमत होत नाही, कारण मित्राच्या माउलीच्या नजरेतला प्रश्न त्याला ठाऊक असतो: तू होतास ना रे तिथे?

जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गिर्यारोहक अरुण सावंत अपघातात गेले. सह्याद्रीतल्या किती तरी जणांना ते घरच्या माणसासारखे होते. त्या सगळ्यांनी कुठे बसून रडायचे? समाज ज्याला शोक मानतच नाही अशा शोकावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अख्खा ग्रंथ संपादित केला. दोरावरचा सोबती त्यात चपखल बसतो.

पण मला डोकापेक्षा डेनिस क्लास हा दुसरा शोक-अभ्यासक जवळचा वाटतो. गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घ्यावे, हा फ्रॉइडचा १९१७चा विचार पुढे कित्येक दशके प्रमाण मानला गेला. क्लासने मुले गमावलेल्या आईबापांचे वर्षानुवर्षे ऐकले, जपानी घरांतली पूर्वजपूजा अभ्यासली आणि १९९६ मध्ये दोन सहकाऱ्यांसह मांडले की नाते तुटत नाही, रूप बदलून चालू राहते, आणि त्यात विकृत काही नाही. पितृपक्ष पाळणाऱ्या घराला हे सांगावे लागत नाही. इथे माझा राग थोडा वळतो. महालयाच्या तर्पणात कुळातल्या पितरांच्या पाठोपाठ गुरू, शिष्य आणि मित्र यांनाही पाणी दिले जाते. म्हणजे दोरावरच्या सोबत्याला परंपरेत जागा होती. ती आपण वापरली नाही.

शेर्पांनी आपली जागा वापरली. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले, तिघांचे देह मिळालेच नाहीत. त्या वाटेने पुन्हा जायला बहुतेक शेर्पांनी नकार दिला. त्यात सरकारवरचा संताप होता, पण मृतांचा मानही होता. नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळपास तिथेच संपला. आपल्याकडे पुढच्या शनिवारची बॅच निघते.

तरीही विधींनी सगळेच भागत नाही. डोळे मिटले की दोर सुटताना दिसत असेल, झोप उडाली असेल, तर त्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञच हवा. अमेरिकन अल्पाइन क्लब शोकग्रस्त आरोहकांच्या उपचारांसाठी निधी देतो. आपल्या संस्थांना वर्गणी काढून तेवढे जमू नये?

गिर्यारोहण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, पुढचा अपघात होण्याआधी एवढे ठरवा: वाचलेल्याबरोबर पोलीस ठाण्यात कोण जाईल, त्याला मृताच्या घरी कोण नेईल, दहाव्याला घाटावर त्याच्या शेजारी कोण उभे राहील आणि डॉक्टरांची फी कोण भरेल.