गळा बघून गळपट्टा

पैनगंगेच्या पल्याड यवतमाळ जिल्हा, अलीकडे आदिलाबाद. राज्यं दोन झाली तरी दोन्ही काठांवरची बोली आणि सोयरिकी एकच. तेलंगणाचं हे उत्तरेचं टोक. हैदराबादकर पातळ शालीवर भागवतात त्या दिवसांत इथं पारा कधी कधी सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. अंगात स्वेटर असलं तरी वारा आधी उघड्या गळ्यालाच भिडतो, आणि त्याचा त्रास सगळ्यांत जास्त होतो तो लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना.

जैनथ मंडळातल्या अशाच एका कापसाच्या गावात पांढरकवड्याहून एक सून आली. क्रोशाची सुई तिच्या हातात बसलेली. माहेरी तिनं दाराची तोरणं विणली होती, टीव्हीवरचे रुमाल विणले होते. यंदा संक्रांतीला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, तर शाळेतल्या पोरांना आणि गावातल्या म्हाताऱ्यांना गळपट्टे द्यायचे, असं तिनं ठरवलं. नवऱ्यानं आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस घातला आणि येताना लोकर आणली. दिवाळीपासून ती रोज रात्री विणायला बसू लागली. आधी साखळी, तिचा गोल जोडायचा, मग खांबांच्या ओळी, शेवटी कडेला शंखाची नक्षी. मोठ्यांचे सगळे एका मापाचे, लहानांचे सगळे एका मापाचे, आणि रंग एकच, आकाशी. ओळीनं मांडले की डोळे निवत. तिचं मन स्वच्छ होतं, हे आधीच सांगायला हवं. झोप मोडून दुसऱ्यासाठी विणणारी माणसं थोडीच असतात.

संक्रांतीला तिळगुळासोबत गळपट्टे वाटले. वाहवा झाली, फोटो निघाले.

चारच दिवसांनी सकाळी ती शाळेच्या वाटेला लागली, तर पोरांचे गळे उघडेच. एकानं आपला गळपट्टा करडाच्या मानेत घातला होता. हातपंपाशी एक आजीबाई तर गळपट्ट्याची चुंबळ करून तिच्यावर घागर चढवत होती.

सून घरी आली ती डोळे पुसतच. "लोकायले किंमत नाही, आई. फुकट भेटलं का असंच करतेत."

सासू तूर निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "चाल माह्यासंगं."

दोघी शेजारच्या आबाजींकडे गेल्या. म्हातारा ओट्यावर कोवळ्या उन्हात बसला होता, गळ्याभोवती जुना टॉवेल. गळपट्ट्याचं विचारताच त्यानं नातवाकरवी पेटी उघडवली. गळपट्टा घडी करून सगळ्यात वर ठेवलेला.

"घालून दाखवा बरं," सासू म्हणाली.

आबाजींनी डावा हात वर नेला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. खांदा धरलेला होता. त्यांनी मान खाली घातली, एका हातानं गोल डोक्यावर ओढला. तो कानाशी अडकला. आणखी ओढला तसा चष्मा निसटून मांडीवर पडला.

"घरी कोणी असलं तं घालून देते," ते ओशाळून म्हणाले, "पण सून पहाटेच वेचणीले जाते. अन् घातला तं काढाचा कसा? पण पोरी, चीज झकास हाय. खराब होऊ नोको म्हणून पेटीत ठेवला."

सुनेनं चष्मा उचलला, पदरानं पुसून त्यांच्या हातात दिला. मग विचारलं, "खांदा कधीपासून धरला, आबाजी?"

इतके दिवस दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि हा प्रश्न ती पहिल्यांदाच विचारत होती.

पोरांची अडचण वेगळी निघाली. पाच वर्षांच्या लेकराच्या डोक्याचा घेर पन्नास सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि मानेचा साधारण त्याच्या निम्मा. गळ्याला नीट बसणारा गोल डोक्यातून उतरत नाही, आणि डोक्यातून उतरेल इतका सैल केला तर वारा आत शिरतो. शिवाय स्वस्त लोकर टोचते. करडावाल्या पोरानं मान खाजवून लाल केली होती.

चुंबळवाली आजीबाई तर हसलीच. "मले थंडी वाजतच नाही व. पाणी भरून भरून टाळू दुखते." तिला सुनेनं दोरीला लोकर गुंडाळून जाडजूड चुंबळच करून दिली.

बाकीचे गळपट्टे तिनं मागून घेतले आणि उसवायला बसली. क्रोशाचं काम उसवायला फार सोपं, शेवटची गाठ सोडली की एका ओढीत ओळच्या ओळ निघून येते. शंखांची नक्षी सुटताना तिचा हात जरा अडखळला. सासूनं आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं पुढ्यात टाकलं, "आतून हे लाव, टोचनार नाही."

आता ती समोरून उघडणारी पट्टी विणू लागली. एकच मोठं, कोटाचं बटण आणि त्याला साखळीचं सैल काजं, म्हणजे कापऱ्या बोटांनाही सापडावं. पोरांच्या गळपट्ट्यांना गोंडे नाहीत, लोंबणारी टोकं नाहीत, कारण ती सायकलच्या चाकात किंवा झोक्याच्या दोरीत अडकली तर गळ्यालाच फास बसतो. आबाजींचं बटण डाव्या हाताला येईल असं लावलं. त्यांनी ते तिच्यासमोर तीनदा काढलं आणि तीनदा लावलं.

काम संथ झालं. पौष अमावास्या आली, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला निघालेल्या गाड्या रस्त्यानं दिसू लागल्या, तरी निम्मे गळपट्टेही झाले नव्हते. शाळेतल्या बाईंनी विचारलं, पुन्हा एकदा सगळ्यांचा फोटो काढू का? ती म्हणाली, राहू द्या, अजून बऱ्याच जणांचं माप घ्यायचंय.

गावाच्या टोकाला एक ऐंशीच्या घरातली विधवा राहते. सून तिच्यासाठी पांढरी लोकर घेऊन गेली.

"हे कोनासाठी व?"

"तुमच्यासाठी, आजी."

"मले लाल पाह्यजे," म्हातारी ठसक्यात म्हणाली. "चांगला कुंकवासारका लाल."

सुनेनं पांढरा गुंडा पिशवीत टाकला, वहीत 'लाल' लिहिलं आणि तिच्याजवळ सरकून बसली. "बरं, अन् बटन कोन्या हातानं लावता, आजी?"