दिवे विझतात त्या क्षणी

मोटारींच्या शर्यतीचा विषय या पानांवर पाहून काही वाचक भुवया उंचावतील. वेगाचे आकर्षण आम्हांसही नाही. परंतु फॉर्म्युला वन शर्यतीच्या आरंभी जे दोन-चार क्षण असतात, त्यांत नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न दडलेला आहे, म्हणून हा प्रपंच.

आरंभरेषेवर मोटारी उभ्या असतात. वर पाच तांबडे दिवे एकेका सेकंदाच्या अंतराने लागतात. पाचही लागल्यावर काही क्षण जातात. ते किती, हे चालकास ठाऊक नसते. दिवे विझले की निघायचे. येथे क्लच पायाखाली नसून स्टिअरिंगच्या मागे, बोटांखालच्या पट्टीत असतो. पट्टी एकदम सोडली तर मागची चाके जागच्या जागी फिरतात किंवा इंजिन बंद पडते. फार सावकाश सोडली तर शेजारचे पुढे निघून जातात. घाटातील चढणीवर थांबलेली एस.टी. हाफ क्लचवर अलगद पुढे काढणारा चालक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे कौशल्य परके वाटणार नाही. येथे मात्र क्लचप्लेट कार्बनच्या असतात, उष्णतेनुसार त्यांची पकड बदलते, आणि चूक सावरण्यास सेकंदाचीही सवड नसते.

हे सारे यंत्राकडून करवून घेता येते. 2001 ते 2003 या काळात तसे होतही होते. 2004 पासून ती सोय बंद झाली. 2015 च्या बेल्जियममधील शर्यतीपासून, क्लचची पकड कोठे बसते हे आरंभापूर्वी रेडिओवरून चालकास सांगण्यासही मनाई झाली. पूर्वी एक पट्टी नेमक्या बिंदूवर धरून दुसरी मोकळी सोडता येई. 2016 मध्ये एकाच पट्टीचे बंधन आले.

यंत्र जे बिनचूक करते, ते मुद्दाम माणसाच्या बोटांवर सोपविण्यात शहाणपण ते कोणते? प्रवाशांनी भरलेल्या बसमधून सुरक्षिततेची साधने काढून चालकाची परीक्षा पाहावी, असे कोणीही म्हणणार नाही; आम्ही तर नाहीच. तेथे सुखरूप पोहोचणे हेच साध्य. शर्यतीत मात्र कोण पोहोचला आणि कशाच्या बळावर, यालाच अर्थ आहे. वाद्य वाजवूनच वादक घडतो, तसेच सद्गुणही कृतीच्या सरावाने अंगी बाणतात, असे ॲरिस्टॉटलने मांडले. जी कृती आपण केलीच नाही, तिच्यातून आपण घडणार कसे? म्हणून हे निर्बंध आम्हांस योग्य वाटतात.

तरीही हात आपला आहे म्हणून फळ सर्वस्वी आपले, असे म्हणता येईल काय? 2016 साली लुईस हॅमिल्टन इटलीत पहिल्या स्थानावरून निघून पहिल्याच फेरीत सहावा झाला. जपानमध्ये दुसऱ्यावरून आठवा. त्या वर्षीचे विजेतेपद निको रोझबर्गने केवळ 5 गुणांनी जिंकले. दोष त्या बोटांचा, असे म्हणावे, तर त्याच वर्षी मलेशियात आघाडीवर असताना हॅमिल्टनचे इंजिनही जळाले होते. पाच गुणांतील कोणता गुण कोणाच्या पदरी घालायचा, हा हिशेब आम्हांस सुटलेला नाही.

2019 मध्ये जपानच्या सुझुका येथे तर प्रश्न अधिक बिकट झाला. अग्रस्थानी उभ्या असलेल्या सेबास्टियन व्हेटेलची मोटार दिवे विझण्यापूर्वीच किंचित हलली. ती त्याने थांबविली, आणि त्या गोंधळात दिवे विझले तेव्हा तो मागे पडला. व्हाल्टेरी बोटास पुढे निघून गेला. मोटारीवरील उपकरणाने नोंदविलेली हालचाल मान्य मर्यादेच्या आत होती, म्हणून पंचांनी व्हेटेलला शिक्षा केली नाही. त्याला लाभ झाला नव्हता, आणि फसविण्याचा हेतूही आम्हांस दिसत नाही. निर्णय आम्हांस मान्य आहे. परंतु मोटार आणखी थोडी सरकली असती, तर त्याच मनाच्या, त्याच हाताच्या माणसास शिक्षा झाली असती. ज्यांना हे खटकते, त्यांना आम्ही चूक म्हणू शकत नाही.