पुलावरचा अभ्यास

1959 साली सॉनी रॉलिन्स अमेरिकन जॅझमधल्या पहिल्या रांगेतला टेनर सॅक्सोफोनवादक होता. तिशीही गाठली नव्हती, 'सॅक्सोफोन कोलॉसस'सारखी रेकॉर्ड नावावर होती आणि कार्यक्रमांना तोटा नव्हता. अशा भरात त्यानं लोकांपुढं वाजवणं थांबवलं. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या शेजारची बाई गरोदर होती. तिला त्रास नको म्हणून तो वाद्य घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जायचा. खाली ईस्ट रिव्हर, बाजूनं आगगाड्यांचा खडखडाट, आणि हा गृहस्थ थंडीवाऱ्यात तासन्‌तास सूर घोटत उभा. 1961मध्ये तो परतला, पुढच्या वर्षी 'द ब्रिज' आली. समीक्षक कान टवकारून बसले होते. त्यांतल्या काहींची निराशा झाली, कारण हा तर बराचसा जुनाच रॉलिन्स होता.

मग एवढा अभ्यास गेला कुठं?

हा प्रश्न मला संगीतापेक्षा अध्यात्माचा वाटतो. मी स्वतः टेनर वाजवते. दिवसा नोकरी, अधूनमधून रात्री एखाद्या हॉटेलात किंवा लग्नात. सोसायटीत तक्रारी झाल्यापासून माझा रियाज पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून चालतो. आधी रीड तोंडात धरून ओली करायची. ही वेतासारख्या गवताची पातळ पट्टी, पण हट्टी. दहाच्या डब्यात मनासारख्या दोन-तीन निघाल्या तरी नशीब. मग खालचा एकच सूर दम संपेपर्यंत लावायचा. गाणारे ज्याला खर्ज भरणं म्हणतात, तेच हे. त्यानंतर चार स्वरांचा एखादा तुकडा बाराही पट्ट्यांमधून फिरवायचा.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "रोज तेच तेच काय फुंकतेस गं? गाणं कधी वाजवणार?" मी म्हटलं, "आई, तुम्हीही रोज तोच हरिपाठ म्हणता की." त्या लगेच म्हणाल्या, "मला कुठं त्यातून नवा अभंग काढायचाय?"

त्यांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं. नामस्मरणात शब्द बदलायचा नसतो, माणूस बदलला तर बदलतो. जॅझवाल्याला मात्र रोज तेच घोटून आयत्या वेळी वेगळं काढायचं असतं. घोटलेलं बोटांत इतकं मुरतं, की सोलो सुरू झाला की तीच बसवलेली वाक्यं धडाधड बाहेर येतात. टाळ्याही त्यांनाच पडतात. ऐकणाऱ्याला वाटतं सुचतंय, वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की हे पाठांतर आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला अभ्यास आणि वैराग्य असे दोन्ही उपाय एका दमात सांगतो. आपण पहिला उचलतो आणि दुसरा संन्याशांसाठी सोडून देतो. रीडवर फुंकर घालताना मला दुसऱ्याचा अर्थ फार व्यवहारी वाटतो. वर्षभर घोटलेला तुकडा हाताशी आहे, जागाही अगदी त्याच्यासाठीच केलेली, आणि तरी तो वाजवायचा नाही; ड्रमवाल्यानं आत्ता काय केलं ते ऐकायचं. कमावलेलं सोडणं फार जड जातं. कमावलंच नसेल, तर सोडण्याचा प्रश्नच येत नाही. पुलावरच्या अभ्यासाचं फळ समीक्षकांनी नव्या सुरांत शोधलं. रॉलिन्सनं काय काय वाजवायचं टाळलं, हे त्यांना कसं ऐकू येणार?

पुढं 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉलिन्स आपल्या मुंबईत आला. पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून त्यानं वेदान्त ऐकला. ध्यानाला बसणं जमेना, तेव्हा स्वामींनी त्याला समजावलं की तू वाजवतोस तेव्हा ध्यानच करत असतोस, असं त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. वाजवताना विचार करताच येत नाही, हेही त्याचं नेहमीचं सांगणं.

मला हे निम्मंच पटतं. शेवटची लोकल मिळेल का, या विवंचनेत मी अख्खा सोलो बिनचूक वाजवलेला आहे. विचार खुशाल करता येतो. बोटं आपली चालत राहतात. स्वामींचं उत्तर रॉलिन्सला लागू होतं, कारण तो पुलावर जाऊन आला होता. माझ्यासारखीनं ते उचललं, तर ती पळवाट होईल. "मी कुठं वाजवते, तो वाजवून घेतो" असं म्हणणारे कलाकार मी पाहिलेत. मानधन मात्र ते स्वतःच मोजून घेतात.

रॉलिन्सच्या वैराग्याची खरी कसोटी फार उशिरा लागली. फुप्फुसांच्या आजारानं त्याला 2014पर्यंत सॅक्सोफोन कायमचा खाली ठेवावा लागला. आधी तो फार खचला. मग म्हणू लागला, की आयुष्यभर वाजवायला मिळालं याबद्दल कृतज्ञ असायला हवं. माझ्या लेखी हे त्याच्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा अवघड काम आहे, आणि त्याची तयारी पुलावर झाली की पवईत, हे मला सांगता येणार नाही.