पेशी बदलल्या, देणे बदलते काय?

शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलांच्या वर्गात एखादा प्रश्न असा येतो की शिक्षकाला पाठ बाजूस ठेवावा लागतो. दर सात वर्षांनी माणसाचे सगळे शरीर नवे होते म्हणतात. मग वीस वर्षांपूर्वीचे देणे आजच्या माणसाने का फेडावे? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण मोठी माणसेही हेच म्हणतात: ‘तेव्हाचा मी निराळा होतो.’

सात वर्षांचा हिशेब मुळात खरा नाही. आतड्याचे अस्तर थोड्याच दिवसांत बदलते, कातडीचा वरचा थर सुमारे महिन्यात. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. उलट मेंदूच्या बाह्य भागातील चेतापेशी जवळजवळ जन्मभर त्याच राहतात. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनावरून पेशींचे वय ठरविण्याची युक्ती स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांनी २००५ साली काढली. त्याच रीतीने २००९ साली कळले की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला १ टक्काच बदलतात, पुढे त्याहूनही कमी.

पण समजा, सगळ्या पेशी बदलत असत्या, तर? गोंदियाहून बालाघाटमार्गे मलाजखंडला गेलेल्या वाचकांनी तांब्याची खाण पाहिली असेल. तो मुलूख बैगा व गोंड लोकांचा. बैगा मुलीच्या कपाळावर लहानपणीच गोंदतात, आणि ती आजी झाली तरी ती खूण राहते. वरची कातडी तोवर शेकडो वेळा गळून गेलेली असते! शाई त्याखालच्या थरात असते व तेथील भक्षक पेशी ती गिळून बसतात. त्याही मरतात. फ्रान्समधील मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखविले की मेलेल्या पेशीची शाई नव्या पेशी उचलून घेतात. धरणारे बदलतात, नक्षी तीच राहते.

दगडाच्या बारीक धुळीचेही असेच, मात्र येथे इजा होते. फुप्फुसातील पेशी ती गिळतात, मरतात, धूळ दुसऱ्या पेशीकडे जाते आणि व्रण वाढत जातो. म्हणून दगडफोडीचे काम सोडल्यावरही पुष्कळ वर्षांनी मजुराला धाप लागते. संरक्षण न देता त्याला राबविणारा मालक म्हणेल, तो काळ निराळा होता. मजुराच्या छातीतील धूळ निराळी झालेली नसते.

आपण मंडळीत ‘नवा मनुष्य’ हे शब्द फार सहज वापरतो, असे आम्हांस वाटते. जक्कय नवा झाला खरा. पण नवा झाल्याबरोबर तो जुन्या हिशेबाकडे वळला आणि ज्यांना नाडले त्यांस चौपट परत देण्यास तयार झाला. जुना जक्कय हे करणारच नव्हता. नव्यालाच ते करावे लागले.

ज्याला म्हातारपणी काहीच आठवत नाही, त्याच्या देण्याचे काय, असे मुले पुढे विचारतील. त्याच्या चेतापेशी पुष्कळशा जुन्याच असतात, आठवण मात्र गेलेली असते. त्याला जाब विचारू नये. पण ज्याचे येणे आहे त्याला तर सर्व आठवत असते, आणि घरच्यांना त्याचे दार ठाऊक असते.