सेक्टरमागचं गाव

नवी मुंबईत राहायला आलेला माणूस पत्ता सेक्टरच्या आकड्यात सांगतो. पण 1970 साली हे शहर वसवायला सिडको स्थापन झाली तेव्हा ही जमीन काही ओसाड नव्हती; आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, मिठागरं इथं होतीच. खारघरच्या सेक्टरांना खेटून मुर्बी, बेलपाडा आजही नांदतायत. म्हणून परिसर कळायचा तर गावठाण गाठावं. ऐन भरतीला पाऊस लागून राहिला की पाणी कुठं तुंबतं, ताजे बोंबील कुणाच्या पाटीत मिळतात, हे तिथल्या मावशीच सांगतील. कुणी म्हणेल, मोबाइलवर नकाशा आहे की! आहे, पण त्याला दुकान ठाऊक असतं, दुकानदाराचा स्वभाव नव्हे. दुसरा आक्षेप जास्त खरा: भाडेकरारच 11 महिन्यांचा, मग ओळखी वाढवायच्या कशाला? पण रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर शेजारीच धावून येतो. तेव्हा येत्या रविवारी गाडी घरीच ठेवा आणि गावठाणात एक चक्कर मारून या.